दुप्पट पळणारा काटा

त्या कारखान्यात साठीला आलेल्या टर्नरची एकदाच परीक्षा होई. लेथवर एकसारख्या तीस पिना काढायच्या आणि त्या एकमेकींपासून किती भटकतात ते मोजायचं. प्रमाण विचलन वीस मायक्रॉनच्या आत आलं तर लेथ राहिला, नाहीतर गोदामात खोकी रचत बसा. आणि नशिबाची थट्टा बघा, बाबांच्या पिना मोजायला बसली त्यांचीच लेक.

आकडा आला छत्तीस. तिनं तीनदा हिशेब केला. गणिताला कुठली ओळखदेख? पिना तोवर मुलामा चढवायला गेल्या होत्या, पुन्हा मोजायची सोय नव्हती.

मोजायचं काट्याचं यंत्र, म्हणजे गेज, आवरताना तिनं सवयीनं ठरल्या मापाची मास्टर पिन त्याच्याखाली ठेवली. काटा शून्यावर हवा, तो तीसवर उभा! सकाळी बाबांच्याच काळजीत तिनं गेज शून्यावर आणलंच नव्हतं. बुडत्याला काडीचा आधार. तिनं प्रत्येक आकड्यातून तीस वजा केले. सरासरी मुकाट्यानं तीसनं उतरली.

विचलन छत्तीसच.

तिनं डोळे चोळले. सगळ्या पिना एकदम सरकल्या होत्या, पण त्यांच्यातलं अंतर केसभरही हललं नव्हतं. बिऱ्हाड हललं तरी भावाभावांतले रुसवेफुगवे तसेच राहतात, तसं. तीस काय, तीन हजार वजा केले असते तरी हा आकडा ढिम्म हलला नसता. रडू येत होतं, तरी ती त्याच्याकडे भारावून बघत राहिली.

निदान गेज तरी नीट लावावं म्हणून तिनं पहिलीपेक्षा पन्नास मायक्रॉननं जाड असलेली दुसरी मास्टर पिन ठेवली. काटा पन्नास घरं सरकायला हवा. तो शंभर सरकला.

गेजमधल्या तरफेची खीळ! फार बारीक कामाला ती दुसऱ्या भोकात घालतात, मग काटा दुप्पट पळतो. काल तसं काम झालं आणि खीळ तिथंच राहिली होती.

तिनं सगळे आकडे निम्मे केले. सगळी अंतरं एका दमात अर्धी झाली आणि विचलनही बरोबर अर्ध्यावर आलं. अठरा. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"बापासाठी गणित वाकवलंस का गं?" फोरमननं विचारलं.

"वाकणारं असतं तर वजाबाकीतच वाकवलं असतं, साहेब."

फोरमननं दोन्ही मास्टर पिना स्वतः ठेवून बघितल्या, खीळ बघितली, तिचे दोन्ही हिशेब पडताळले आणि सही केली.

बाबा लेथ पुसत होते. "किती?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"अठरा."

त्यांनी पाण्याचा पेला उचलला. तो दातांवर कडकड वाजला आणि निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"बाबा, हात केवढा थरथरतोय!"

"थरथरू दे," ते म्हणाले. "आता मशीन बंद आहे."