वामीच्या धुरात मुरलेला सूर

जपानमधल्या हामामात्सूच्या आमच्या कंपनीत एका जुन्या सिंथेसायझरचा हुबेहूब आवाज कॉम्प्युटरवर उतरवायचं काम माझी सहकारी शिओझाकी हिच्याकडे आलं. मूळ वाद्य तिला वाम माशांच्या एका खानावळीत मिळालं. मालक मोरोझुमीकाकांनी ते वर्षानुवर्षं मासे भाजायच्या भट्टीशेजारी ठेवलं होतं. तिने एकेक सूर मोजून प्लगइन, म्हणजे तोच आवाज काढणारं सॉफ्टवेअर, तयार केलं आणि त्या मऊ, घोगऱ्या आवाजावर लोक फिदा झाले.

मग ज्यांच्याकडे तसलंच वाद्य होतं, त्यांच्या तक्रारी आल्या. त्यांचं वाद्य असं वाजतच नव्हतं. शिओझाकीने काकांचं वाद्य उघडलं, तर आत चरबीचा जाड थर.

"पुसू नकोस गं," काका म्हणाले, "मुरायला वेळ लागलाय."

"काका, मी अख्ख्या जगाला तुमची चरबी विकली."

"माझी नाही, माशांची."

कंपनीने चूक कबूल केली, पण दुरुस्ती कोणालाच नको होती. उलट लोक आपापली अस्सल वाद्यं धुरी द्यायला खानावळीत आणू लागले. शिओझाकीने नोकरी सोडली. कुठलं वाद्य किती मुरलं, हे आता ती तिथे बसून सांगते. परवा मी जेवायला गेलो, तर सगळ्या खुर्च्यांवर सिंथेसायझर होते. मी उभ्यानेच जेवलो.