कागदावर नसलेलं नाव

हवालदाराने मोबाइल ओट्यावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"टँकर कागदावर येतोय, आमच्या हौदात न्हाय!" एका म्हातारीचा खणखणीत आवाज अंगणभर घुमला.

सोनालीने मांडीवरच्या बाळाच्या डोक्यावर पदर ओढला.

"ईट गावच्या बायांच्या ग्रुपवरचं हाय. ग्रुप तुमचा. आवाज कुणाचा, सांगा."

"लई बाया हायत साहेब. कसं ओळखू?"

"ॲपच्या कंपनीला वरून पत्र गेलंय. पहिल्यांदा कुणी टाकलं ते कळंलच." त्याची नजर दाराशी बसलेल्या सासूबाईंकडे वळली. "आजी, तुम्ही ओळखता का?"

धुरपदाबाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली. एरवी उतू जाणाऱ्या दुधालाही दम देणारी बाई.

"पुतळ्यागत बसल्यात की!"

"घसा बसलाय त्यांचा," सोनाली म्हणाली.

फटफटी वळणाआड गेली, तशा धुरपदाबाई बोलल्या, "मेला जाताना तांब्याभर पाणीबी पिऊन गेला."

सोनालीला हसू आलं नाही. बाळाला पाळण्यात घालून ती पायाने दोरी ओढत राहिली.

"ग्रुप मोडू का, आत्याबाई?"

"मोड. मग पाणी कोण मागंल? त्यो हवालदार?"

सोनालीने फोन उचलला. भावाने सांगितलेलं दुसरं ॲप उतरवून घेतलं.

"ह्यात नंबर दिसत न्हाय कुणाला. आन् कंपनी आपलं काही ठेवतच न्हाय."

"सरकारनं मागितलं तर?"

"ठेवलंच न्हाय तर देतील काय? फक्त आता बोलून टाकायचं न्हाय. तुम्ही सांगा, मी लिहिते. नाव काय टाकू? खरं नको."

धुरपदाबाईंनी बांगड्या मागे सारल्या.

"पुतळा लिही."

"चेष्टा करता व्हय?"

"माहेरचं नाव हाय माझं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं धुरपदा लिवलं, आन् पुतळा तिथंच ऱ्हायली. आधारवर न्हाय, रेशनवर न्हाय. ह्या गावात तुझ्या सासऱ्यास्नी तेवढं ठाऊक हुतं."

पाळण्याची दोरी थांबली होती. सोनालीने एकेक अक्षर जपून उमटवलं, मग बायांना निरोप धाडला: नव्या ग्रुपवर या, जिनं तिनं आपलं माहेरचं नाव टाका.

दिवेलागणीपर्यंत गावात कुणी कधी न हाकारलेली नावं एकेक करून आत आली. चिमा. गोदी. ठकू. पाठोपाठ कुणीतरी विचारलं, 'अगं, ही पुतळा कोण?'

धुरपदाबाईंनी घसा खाकरला.

"लिही," त्या म्हणाल्या, "टँकर आजबी आला न्हाय."