शोकेसमधली बावीस जनावरं

सिंचन विभागातून निवृत्त झालेले नंदकिशोर देशकर बालाघाटच्या घरी एकटेच राहत. एकटेच म्हणजे शोकेसमधली बावीस मऊ जनावरं सोडून. अस्वलं, ससे, एक जांभळं हत्तीचं पिल्लू. सगळी अमेरिकेतल्या मामाने त्यांच्या मुलीसाठी, श्रियासाठी धाडलेली, पण लहानपणी तिच्या हाती एकही लागलं नाही. "फॉरेनचं आहे, मळवायचं नाही," म्हणून तिच्या आईने, पुष्पलताबाईंनी शोकेसला कुलूप लावलं, कानातला कागदी टॅगसुद्धा काढू दिला नाही. पोरगी काचेला नाक लावून रडायची. आता पुष्पलताबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती आणि श्रिया कॅनडात होती.

एरवी सणावारी येणारा तिचा फोन गेल्या महिन्यात एकाएकी रोजचा झाला. अशी जुनी खेळणी जमवणारे शौकीन असतात आणि ते जनावर बघत नाहीत, टॅग बघतात, हे तिला कुठूनसं कळलं होतं. कानातला टॅग मुडपलेला नको, शेपटीजवळचा कापडी टॅग शिवणीत शाबूत हवा, वर्ष जुनं हवं. छपाईत एखादी चूक असली तर भाव आणखी वर.

"आईमुळे वाचले बाबा, टॅग," ती म्हणाली आणि हसली. नंदकिशोरांना हसू आलं नाही.

सकाळी सातला ते टॅग फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरत. बारीक अक्षरं त्यांना दिसत नसत, वाचायची ती. एका बैठकीत सगळं उरकलं असतं. पण सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला काम लांबवायला कोण शिकवणार? रोज एकच. "डोळे दुखून राह्यले बेटा, बाकीचे उद्या." तेवढ्यासाठी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. उरलेल्या दिवसात बोलायला फक्त दूधवाला, तोही पिशवी कडीला टांगून निघून जाई.

बाविसावं जनावर दाखवून झालं. आता उद्या फोन कशासाठी येणार?

"अजून एक आहे," ते बोलून गेले. "माळ्यावर."

माळ्यावर धुळीशिवाय काही नव्हतं. ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून ते बसने थेट परसवाड्याच्या बाजारात गेले आणि एक पिवळं अस्वल घेऊन आले. घरी किमतीची चिठ्ठी सोलली. शेपटीजवळच्या टॅगला कात्री लावायला गेले, पण हात धजेना. टॅग कापला की भाव गेला, हे बावीस दिवस कानीकपाळी ऐकलं होतं.

सकाळी श्रियाने तो टॅग वाचला. परत वाचला.

"बाबा, याच्यावर तर मागच्या सालची तारीख आहे."

"हौ?"

"कधी घेतलं हे?"

"काल." खोटं रेटायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

"काहून?"

"बावीस संपले ना, बेटा."

श्रिया हलकेच म्हणाली, "फोनले खेळणं कायले पाहिजे, बाबा? उद्या करते मी. रोज करत जाईन."

दुसऱ्या दिवशी ठीक सातला फोन वाजला.

"सांगा बाबा, तुमचं काय चालू आहे?"

हेच कुणीतरी विचारावं म्हणून त्यांनी चार वर्षं वाट पाहिली होती. सांगण्यासारखं पुष्कळ साठलंय असं त्यांना वाटत होतं. त्यांनी कालचा दिवस आठवून पाहिला, परवाचा, त्याच्या आधीचा.

"सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "तुझं?"

"माझंही ठीक."

नंदकिशोरांची नजर शोकेसकडे वळली.

"बरं मग, ठेवू बाबा?"

"हौ, ठेव."