गाडीला नाही, पेटीला

थोरलीच्या बाबांना अख्खा फळबाजार ‘भोंगा’ म्हणायचा, आणि त्यात बाजाराचा काही दोष नव्हता. चाळीस वर्षं ते लिलावात बोली पुकारत आले होते. माइक त्यांनी कधी हातात धरला नाही. लोखंडी छपराखाली उभं राहून एक आरोळी ठोकली की शेवटच्या ओळीत पेंगणारा व्यापारीसुद्धा दचकून उठायचा आणि घाबरून बोली लावून बसायचा. घरी तरी वेगळं काय! आईला त्यांनी “अगं ए!” म्हणून हाक मारली की वरच्या मजल्यावरच्या बाई “आले, आले” म्हणत जिन्यात यायच्या.

अशा माणसाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल.

दुसऱ्या एखाद्या घरात पाटीवर लिहून भागलं असतं. इथे ते शक्यच नव्हतं, कारण आईची नजर चार वर्षांपूर्वी गेली होती. उजेड आहे की अंधार, एवढंच तिला कळायचं. बाबांनी पाटीवर काय वाट्टेल ते लिहावं, वाचणार कोण? आवाज गेला की दोघं एकाच खोलीत बसून एकमेकांना हरवणार होती.

आता थोरली नेमकी कुठे नोकरीला असावी? तर ज्यांचा आवाज जाणार आहे, त्यांच्यासाठी त्यांचाच आवाज जपून ठेवणाऱ्या कंपनीत! आधी माणसाकडून सहाशे वाक्यं वाचून घ्यायची आणि त्यावरून त्याच्याच आवाजात बोलणारा टॅबलेट तयार करायचा. टाइप करा, तो तुमच्या आवाजात बोलतो. फक्त रांग होती पाच महिन्यांची, आणि बाबांचं ऑपरेशन होतं तीन आठवड्यांवर.

थोरलीने रांग मोडली. दोन शनिवार, ऑफिस बंद असताना, किल्ली घेऊन तिने बाबांना रेकॉर्डिंगच्या खोलीत बसवलं. छोटीशी खोली, भिंतींना करडा फोम, आत गेलं की कानात कापूस घातल्यासारखं. बाबांनी कागद धरला आणि छाती फुगवून सुरुवात केली, “खिडकीजवळ तीऽऽन खुर्च्या आहेत!”

“बाबा, खुर्च्या विकायच्या नाहीयेत. नुसतं वाचा.”

“नुसतं म्हणजे?”

“म्हणजे माणसासारखं.”

“मग आजवर काय गाढवासारखं बोलत होतो?”

हसता हसता वाक्यं संपली. शेवटी बाबा म्हणाले, कागदावर नाही पण एक शब्द आपला हवाच. आणि मग त्यांनी “अगं ए” म्हटलं. रागाने, लाडाने, चष्मा सापडत नसल्यासारखं, दारातून, उशीवरून. चाळीस वेळा. थोरली काचेपलीकडे बसली होती. विसाव्यानंतर तिने मान खाली घातली आणि उगाचच बटणं पुसत बसली.

“हे सगळं ठेवतेस कुठे?” बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं.

“क्लाउडवर. लांब कुठेतरी भाड्याची मशीनं असतात, मी इथून हुकूम टाइप करते. मशीन म्हणजे तुमची हातगाडी समजा, आणि त्याला जोडलेली डिस्क म्हणजे पेटी. माल पेटीत.”

“चिठ्ठी लावलीस? पेटीला?”

थोरलीने डोळे फिरवले. हे वाक्य तिने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेत म्हणून दाखवलं असतं. चिठ्ठी गाडीला नाही, पेटीला. गाडी आज याच्या हातात, उद्या त्याच्या. पेटी एकदा उतरली की चिठ्ठी गाडीबरोबर निघून जाते आणि पेटी बेवारस होते.

“बाबा, हे डाळिंबं नाहीत. लावते.”

लावली तिने. टॅग म्हणतात त्याला तिच्या कामात. म्हणजे चिठ्ठीच ती: हे काय आहे, कुणाचं आहे. ग्राहकांचं मशीन ठरलेल्या साच्यातून निघायचं, आणि साचा मशीनला, डिस्कला, सगळ्याला आपोआप टॅग लावायचा. बाबांचं मशीन मात्र तिने चोरून, हाताने उभं केलं होतं. त्या मशीनला तिने ‘बाबा’ असा टॅग लावला, पडदा बंद केला आणि दोघं घरी गेली.

ऑपरेशन झालं. बाबा घरी आले ते मानेला पट्टी आणि हातात पाटी घेऊन. आईला हाक मारायची तर ते टेबलावर दोनदा टकटक करायचे. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे ऐक, तीन म्हणजे नाही. आई म्हणायची, “मी नवऱ्याशी बोलतेय का सुताराशी?” आणि हसायची. पण दुपारी थोरली घरी आली की आई तिच्याकडे सरकून हळूच विचारायची, “बाबा इथेच आहेत का गं? कधीपासून टकटक नाही.” आणि बाबा समोरच्याच खुर्चीत बसलेले असायचे.

मधल्या दिवसांपुरता थोरलीने कंपनीतला तयार आवाजाचा टॅबलेट आणून दिला होता. बाबांनी टाइप केलं, टॅबलेट गुळगुळीत आवाजात म्हणाला, “जेवण झालं का?” आईचा चेहरा आक्रसला. “हा कोण मेला? बँकेतून फोन आल्यासारखा वाटतो. मला परका माणूस घरात नको. तुमचा येईपर्यंत मी थांबेन.” टॅबलेट खणात गेला. येत्या शुक्रवारी बाबांचा खरा आवाज तयार व्हायला बसणार होता, सोमवारी घरी येणार होता. आई बोटांवर दिवस मोजत होती.

त्या तयारीसाठी मोठं मशीन लागायचं. म्हणून थोरलीने आदल्या आठवड्यातच बाबांची डिस्क छोट्या मशीनपासून सोडवून ठेवली. मोठं मशीन मोकळं झालं की त्याला जोडायची, बस्स.

आणि त्या शुक्रवारच्या आधीच्या सोमवारी ऑफिसातल्या मॅडमनी फर्मान काढलं. क्लाउडवर नुसता पसारा झालाय, कुणाचं काय ते कळत नाही. गुरुवारी चार वाजता साफसफाई. ज्याच्यावर मालकाचा टॅग नाही, ते सगळं जाणार. काम कुणाकडे? थोरलीकडे!

खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. हे असलं काम ती चुटकीसरशी करायची. शेजारी बसणारा, ज्याला सगळे ‘चष्मा’ म्हणत, तो एकेका मशीनवर क्लिक करून टॅग लावत होता, दर वेळी सुस्कारा सोडत.

“सरक,” थोरली म्हणाली. “म्हातारा होशील तोवर.”

तिने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एकच लांब ओळ लिहिली. ज्यांना मालकाचा टॅग नाही अशी सगळी मशीनं शोध, प्रत्येकाला ते उभं करणाऱ्याच्या नावाचा टॅग लाव. एंटर. ओळी भराभर वर सरकल्या. दोनशे बारा मशीनं, पाऊण मिनिटात. त्यातच बाबांचंही होतं. त्याच्यापुढे मालक म्हणून तिचं स्वतःचं नाव उमटलं आणि ती मनात म्हणाली, झालं, बाबा सुरक्षित.

“बाई, तू माणूस आहेस की वादळ?” चष्मा म्हणाला.

“वादळाला पगार नसतो.”

गुरुवारी पावणेचारला तिने सुट्या डिस्कांची यादी काढली. कुठल्याही मशीनला न जोडलेल्या, टॅग नसलेल्या, तीनशे अडतीस. यादीत नुसते क्रमांक, अक्षरं-आकड्यांच्या लांबलचक माळा, सगळ्या एकसारख्या. नाव दिसायचं कुठून? नाव हासुद्धा एक टॅगच असतो, आणि टॅग नव्हता म्हणून तर त्या यादीत आल्या होत्या.

“सगळ्या बघितल्यास?” चष्म्याने विचारलं.

“दहा उघडून बघितल्या. जुन्या चाचण्यांचा कचरा. ग्राहकांच्या डिस्कांना साचा टॅग लावतोच.”

“नक्की?”

“अरे, साचा मीच लिहिलाय!”

पडद्यावर प्रश्न आला: तीनशे अडतीस डिस्का कायमच्या पुसायच्या? तिने ‘हो’ टाइप केलं. मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी तिच्या खांद्यावर थाप मारली, आणि थोरली संध्याकाळी शीळ घालत घरी गेली.

शुक्रवारी सकाळी मोठं मशीन मोकळं झालं. थोरलीने हुकूम टाइप केला: ही डिस्क याला जोड. क्रमांक तिने वहीत लिहून ठेवला होता.

उत्तर आलं: अशी डिस्क नाही.

ती हसली. आकडा चुकला असेल. पुन्हा टाइप केलं, एकेक अक्षर बोटाने धरून. अशी डिस्क नाही. मग तिने कालची यादी उघडली आणि खाली सरकत गेली. एकशे एकाहत्तराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

चष्म्याने नंतर सांगितलं की ती ओरडली नाही, काही नाही. फक्त विचारलं, “बॅकअप कुठून घेतो आपण?”

“टॅग बघून घेतो ना. मालकाचा टॅग असेल त्याचाच.” मग त्याने यादी पाहिली, तिच्याकडे पाहिलं. “कुणाची होती?”

“बाबांची.”

त्याने चष्मा काढला. शेजारी बसून आठ महिने झाले होते, आज पहिल्यांदाच तिने त्याचे डोळे नीट पाहिले.

दिवसभर दोघं दारं ठोठावत राहिली. क्लाउडवाल्यांच्या मदतकेंद्रातली मुलगी फार गोड बोलली आणि म्हणाली की ग्राहकाच्याच हुकमाने पुसलेली डिस्क परत येत नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीतली मूळ प्रत? ग्राहकांचा खासगीपणा म्हणून ती दर रविवारी पुसली जायची. नियम चांगला होता, तोही थोरलीनेच सुचवलेला. परदेशातल्या धाकट्या बहिणीच्या फोनमध्ये बाबांचा एक निरोप सापडला. नऊ सेकंदांचा: “आलो, आलो! किती बेल वाजवशील, दार तोडतेस का!” मागे कुकरची शिट्टी.

“नऊ सेकंदांत आवाज तयार होत नाही,” चष्मा म्हणाला. “मी खोटी आशा देत नाही.”

मॅडम म्हणाल्या, ग्राहकाचं काही गेलं नाही ना? नाही, थोरली म्हणाली. ग्राहकाचं काही गेलं नाही.

घरी पोहोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. आई ताटात राजमा निवडत होती. बोटांनी निवडायची, आणि डोळस माणसापेक्षा चोख. बाबा गॅलरीत कुंडीतली माती उकरत होते. थोरलीने गॅलरीचं दार मागून ओढून घेतलं आणि त्यांना सगळं सांगितलं. पटापट, खालच्या आवाजात, पाठ केलेलं म्हणावं तसं. मशीन, डिस्क, यादी, ‘हो’.

बाबांनी मातीचे हात पायजम्याला पुसले. पाटी घेतली. लिहिलं, “चिठ्ठी पेटीला होती?”

थोरलीने नाही म्हणून मान हलवली.

“गाडीला?”

तिने मान हलवली. हो.

बाबांनी बाहीने पाटी पुसली. बाजारात एखाद्या नवख्याची पेटी हरवली की ते त्याला असं झापायचे की पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. थोरली त्या ओरडण्याची वाट बघत उभी राहिली. तिला ते हवं होतं. बाबांचं तोंड एकदा उघडलं, मानेवरच्या छिद्रातून नुसती हवा निघाली, आणि मिटलं.

ते उठून आत गेले. खण उघडल्याचा आवाज आला. थोरली मागोमाग धावली. बाबांनी टॅबलेट काढून फळीवर ठेवला, आणि त्याचा सुटा कीबोर्ड मांडीवर घेऊन ते दोन बोटांनी टाइप करायला लागले.

“अगं ए,” गुळगुळीत आवाज म्हणाला.

आईचा हात राजम्यात थांबला. तिने मान वर केली. “कोण?”

 टकटक झाली, दोनदा. मग बाबा पुन्हा टाइप करायला लागले, सावकाश.

“मीच आहे,” टॅबलेट म्हणाला. “माझा आवाज येणार नाही. मी सगळी वाक्यं वाचली नव्हती. कंटाळा केला. आज कळवलं त्यांनी.”

“बाबा!” थोरली म्हणाली. “आई, तसं नाही—”

बाबांनी खडूने पाटीवर एकच शब्द खरडला आणि तिच्या डोळ्यांसमोर धरला. इतका जवळ की दुसरं काही दिसेना. ‘गप्प.’

“कंटाळा केलात?” आई म्हणाली. “चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या फळांसाठी घसा फोडलात, आणि माझ्यासाठी चार ओळी वाचायचा कंटाळा आला?”

“हो,” टॅबलेट म्हणाला. “चुकलं.” बँकेत खातं बंद झाल्याचं सांगावं, तसं.

बाबा अजून पाटी धरून होते. खडूची भुकटी थोरलीच्या ओढणीवर पडत होती.  

आईने ताटातले दोन खडे शोधून बाजूला काढले. मग आणखी एक.

“काही हवंय का?” शेवटी तिने विचारलं. “चहा टाकू?”

ती फळीकडे तोंड करून बोलत होती. आवाज तिथून आला होता ना. बाबा तिच्या दुसऱ्या बाजूला, हाताच्या अंतरावर बसले होते. त्यांनी मांडीवरच्या कीबोर्डवर ‘टाक’ असं टाइप केलं.

“टाका,” टॅबलेट म्हणाला. बाबा आईला आयुष्यात कधी अहो-जाहो करत नसत, पण या टॅबलेटला नम्रपणाची सवय लावलेली होती. तो आपणहून शब्द बदलायचा.

“बरं,” आई फळीला म्हणाली, पदर नीट केला, आणि भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली.