फळ्यांवर कान

२०१८ साली, दिवाळी झाल्यावर, सदफ माझ्याकडे आली. कबनूर या यंत्रमागांच्या गावातल्या शाळेत मी तिला कवायत शिकवली होती. पुढे ती बेंगळुरूला जाऊन कंटेम्पररी नाच शिकली आणि तिथल्या एका संचात सहा वर्षं नाचली. आता तिचा पहिला एकटीचा नाच कोल्हापुरात होता. संचाच्या मॅडम तो बघायला येणार होत्या. पसंत पडला तर परदेशच्या दौऱ्यावर तिला नेणार होत्या.

कोल्हापूरजवळ कळंब्याच्या माझ्या घरावर टेबल टेनिससाठी केलेला लाकडी जमिनीचा हॉल होता. तिथे ती रोज दुपारी यायची. आधी अर्धा तास फळ्यांवर गाल टेकून पालथी पडायची. मग एक खांदा उठायचा, मग पाठ, जणू ते अंग दुसरंच कुणी उचलतंय.

आवाजाचं काम बघणारा अमरसिंह दारात उभा राहून म्हणायचा, "बाई, ह्यो नाच हाय का दुपारची झोप? आन् हिला स्पीकर जमिनीवर पालथं पायजेत. थालीपीठ हाय व्हय त्ये?"

ती वळूनही बघायची नाही. मला वाटायचं, तंद्री लागली असेल.

एकदा आम्ही तळ्याकडे चाललो होतो. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आला. सदफ रस्त्याच्या मधोमध चालत होती, बाजूला होईना. मी ओढणी धरून तिला खेचलं. चाक तिच्या निसटलेल्या चपलेवरून गेलं.

ती घाबरली नव्हती, ओशाळली होती.

"बाई, डावा कान गेलाय. उजवाबी जायला लागलाय," ती म्हणाली. तिची आई सुगरा यंत्रमागावर काम करायची आणि ही तान्ही असल्यापासून त्याच शेडच्या खडखडाटात झोळीत असायची. "गाणं मी पायानं ऐकतो. कुणाला सांगू नका. मॅडमना कळलं तर मला घरी बसवतील."

"अमरसिंहला तरी सांगू?"

"त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाय."

मी शब्द दिला.

प्रयोगाला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मॅडम, शेजारी सुगरा. नाच मध्यावर आला आणि वीज गेली. सदफ अंधारात होती तशी थांबली. मागच्या भिंतीला लागून असलेला जनरेटर सुरू झाला, दिवे आले, पण अमरसिंहचं मशीन चालू होईना. त्यानं दोन्ही हात वर करून तिला थांबायला सांगितलं. तिची नजर खाली होती. रंगमंचाच्या फळ्या थरथरत होत्या. गाण्यातली मागाची धडधड आणि जनरेटरची धडधड, तिच्या पायांना दोन्ही सारख्याच.

गाणं परत लागलं असं समजून ती नाचू लागली.

गाणं नव्हतं. नुसतं इंजिन, आणि त्याच्या ठोक्यावर ती फेकली जात होती, पडत होती, उठत होती. तालमीत तिनं असं कधी केलं नव्हतं. मागे कुणीतरी हसलं. मग तोही आवाज बंद झाला. हाका मारून उपयोग नाही, हे फक्त सुगराला आणि मला माहीत होतं.

सुगरा उठली. शेडमध्ये एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. तिनं दोन मुठी जुळवल्या आणि झटक्यात लांब केल्या: धागा तुटला, माग थांबव.

सदफ थांबली. तिनं अमरसिंहकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडम वही मिटत होत्या.

दुसऱ्या दिवशी अमरसिंह आला. "बाई, तुमास्नी ठावं हुतं?"

"नाही," मी म्हणाले.

सदफ दोन महिने घराबाहेर पडली नाही. मग कबनूरच्याच एका बंद पडलेल्या शेडमध्ये तिनं फळ्या ठोकून घेतल्या आणि मागवाल्यांच्या चौदा मुलींना हालचाल शिकवायला घेतली. नाच हा शब्द ती वापरायची नाही. पहिल्या दिवशी मी तिथे होते. तिनं सगळ्यांना पालथं झोपवलं, मागे जाऊन टाळी वाजवली. नऊजणी हलल्या नाहीत. मग तिनं फळीवर मूठ आपटली. चौदाही उठल्या. त्या नऊजणींतली सगळ्यात लहान आठ वर्षांची होती.

मॅडमनी दौऱ्यावर दुसरीला नेलं. सुगरा २०२१ मध्ये गेली, शेवटच्या आठवड्यापर्यंत मागावर होती. सदफचा उजवा कान गेल्या वर्षी गेला. वर्ग चालू आहे, मुली एकतीस झाल्या. अमरसिंहनं रंगमंचाचं काम सोडलं, आता लग्नांत साउंड लावतो. आपलं मशीन लवकर चालू झालं असतं तर कुणाला काही कळलं नसतं, असं तो अजून म्हणतो. भेटला की माझ्या पाया पडतो. मला आधीपासून ठाऊक होतं, हे मी त्याला सांगितलेलं नाही.