छातीवरचा तारपा

तलासरीजवळ हायवेला लागून जो गेम झोन आहे, तिथं मी जॅकेटं पुसते. खेळून आलेली पोरं घामानं चिंब जॅकेट फेकल्यासारखं काढतात आणि पावभाजीकडे पळतात. मग या नवशीनं, म्हणजे मी, स्पिरिट घेऊन बसायचं. अंधाऱ्या खोलीत एकमेकांवर उजेडाच्या बंदुका झाडायच्या आणि त्यासाठी वापी-उंबरगावहून गाड्या करून यायचं, हे मला कधी कळलं नाही. आमच्या पाड्यात पोरं फुकट भांडतात.

दोन हजार अठराच्या दिवाळीआधी नवी जॅकेटं आली. आमचा मॅनेजर उमेश डहाणूचा. त्यानं खोका असा उघडला, जणू आत देवच आहेत.

"नवशीताई, आधी हात कोरडे करा. हे गोळी लागली की अंगावर थरथरतं. आवाजाची गरजच नाही."

"नव्याचे नऊ दिवस," मी म्हटलं. "पुसायचं मलाच ना?"

तेवढ्यात चंद्रिका माझा डबा घेऊन आली. ही माझ्या भावाची मुलगी, माझ्याकडेच वाढलेली. लहानपणी तापानं तिचे कान गेले. बोलणं हातवाऱ्यांचं, पण डोळे असे की समोरचा खोटं बोलला तर तोच खाली बघतो. तिला एकच वेड होतं, नाचाचं. भातं कापून झाली की आमच्याकडे तारपा वाजतो. वाळक्या भोपळ्याचं ते लांब वाद्य घेऊन वाजवणारा पुढे चालतो आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून सगळं रिंगण त्याच्यामागे फिरतं. त्यानं चाल बदलली की सगळ्यांनी एकदम पाऊल बदलायचं, उलट वळायचं. चंद्रिका शेजारणीचं बघून वळायची, म्हणजे जराशी उशिरा. दोन वर्षांमागे रिंगण एकीकडे वळलं आणि ही दुसरीकडे. साखळी तुटली, चार पोरी एकमेकींवर पडल्या. सगळे हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले. तेव्हापासून तारपा वाजला की ही दार लावून घरात बसते. मी बाहेर नाचते, पण तो नाच मला गोड लागत नाही. यंदा तरी पोरगी रिंगणात यावी, एवढंच साकडं मी देवाला घातलं होतं.

खेळाचंही तसंच. जुनी जॅकेटं इंग्रजीत ओरडून 'आऊट' सांगायची. एकदा ही खेळायला गेली, तर हिला ऐकू येईना, ही आपली खेळतच राहिली. कुणाचा तरी पोरगा 'चीटिंग, चीटिंग' म्हणून किंचाळला. हिनं जॅकेट काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि पुन्हा हात लावला नाही.

उमेशला नवी जॅकेटं तपासायला माणसं हवी होती. तिकिटावरची जयश्री आणि कँटीनमधली संगिता, दोघी आमच्याच पाड्याच्या, त्या तयार झाल्या. आणखीही तीनचार जण आले. उमेशनं चंद्रिकेकडे बोट केलं.

"हिला घेऊ?"

"तिला ऐकू येत नाही, विसरलास काय?"

"म्हणूनच म्हणतो ना."

चंद्रिकेनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. पुन्हा कुणी हसलं तर मी त्याच स्पिरिटनं त्याचं तोंड पुसणार होते.

मी आणि उमेश काचेमागे उभे राहिलो. आत जॅकेटांवरचे निळे आणि लाल दिवे पळत होते. एक निळा दिवा विझला. चंद्रिका! ती जागच्या जागी थांबली, छातीवर हात ठेवला आणि हसली. कुणी सांगितलं नाही, कुणी ओरडलं नाही. तिचं तिलाच कळलं! दिवा परत लागला तशी ती पळाली आणि पुढच्याच वळणावर तिनं जयश्रीला टिपलं. मी काचेला नाक लावून बघत राहिले.

मग खेळ संपला. संपला की सगळी जॅकेटं एकदम घुमतात, लांब, थांबून थांबून. बाकीचे दाराकडे निघाले. चंद्रिका निघाली नाही. छातीवर घुमतंय म्हणजे तिला एकच गोष्ट वाटली. तिनं जयश्रीच्या कमरेला हात घातला, दुसऱ्या हातानं संगिताला ओढलं आणि पाऊल टाकलं.

"अरे, गेम ओव्हर! बाहेर या!" उमेश ओरडला.

"गप रे," मी म्हटलं. "नाचतायत त्या."

काळोखात दिव्यांची माळ वळत होती. उमेश बघतच राहिला. मग ज्यावरून जॅकेटं चालवतात त्या टॅबवर त्यानं हळूच बोट दाबलं. जॅकेटं पुन्हा घुमली, या वेळी भराभर, तुटक. आणि चंद्रिका वळली! उशिरा नाही, शेजारणीचं बघून नाही, त्याच क्षणी. त्यानं पुन्हा बदललं, ती पुन्हा वळली. एवढ्याशा प्लास्टिकमध्ये कुणी काय भरलं होतं, देव जाणे. मी रडत होते आणि उमेशनं मला पुसायचंच फडकं दिलं.

बाहेर आल्यावर चंद्रिकेनं दोन्ही मुठी तोंडाशी नेल्या, गाल फुगवले. तारपा. मग छातीवर थाप मारली. इथं, इथं वाजला.

"एक जॅकेट दे ना पाड्यावर न्यायला," मी उमेशला म्हटलं.

"बाहेर चालत नाही ते, ताई. इथल्या मशीनला जोडलेलं असतं."

मी चिडले, त्याच्याशी धड बोललेही नाही. पण चंद्रिकेला जॅकेट नकोच होतं.

भातं कापून झाली. ऊन कलताना काकड्याबाबानं तारपा काढला. जन्मभर तोच वाजवत आलाय. चंद्रिका घरात गेली नाही. ती सरळ त्याच्यासमोर गेली आणि वाजत्या भोपळ्यावर तिनं तळहात ठेवला. तिनं डोळे मिटले. बाबानं तिच्याकडे बघितलं, फुंकता फुंकता चाल बदलली. तिचं पाऊल बदललं.

बाबानं तारपा ओठांपासून काढला.

"हात उचलू नको, पोरी," तो म्हणाला आणि मग त्यालाच आठवलं, तिला ऐकू येत नाही. त्यानं तिचा हात धरून पुन्हा भोपळ्यावर ठेवला आणि तिला आपल्या बाजूला उभं केलं.

भोपळ्याला हात पोचतो अशी रिंगणात एकच जागा असते, सगळ्यांच्या पुढची. तिथं उभी असलेली जयश्री एक पाऊल मागे सरकली आणि तिनं चंद्रिकेच्या कमरेला हात घातला. मी जयश्रीच्या. माझ्यामागे अख्खा पाडा.

तारपा घुमला. बाबानं चाल बदलली, चंद्रिका वळली आणि तिच्यामागे आम्ही सगळे वळलो.