क्रमांक तीनचं बाळंतपण

मी एंजल मासोळी बोलतेय. लातूरला, औसा रोडच्या आतल्या एका गल्लीत, साहेबरावांच्या घरात, समोरच्या खोलीत माझी काचेची टाकी आहे. एंजल म्हणजे देवदूत, असं माणसं एकमेकांना सांगतात. देवदूतासारखं वागणं मला कधी जमलं नाही, हे आधीच कबूल करते. याच टाकीत सोडलेले चार इवलेसे निऑन मासे मी खाल्ले आहेत. साहेबराव दोन दिवस फिल्टर उघडून त्यांना शोधत होते. मी काही बोलले नाही.

आम्हाला बघून मन शांत होतं, असंही माणसं म्हणतात. तुम्हाला बघून आम्हाला काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझा जन्म कुठला, ते मला नीट ठाऊक नाही. आठवतं ते वीरण्णाचं दुकान. वीरण्णा मूळचा उदगीरकडचा, बोलता बोलता मध्येच कानडीत शिरणारा. त्याच्या दुकानात आम्ही रुपयाएवढी पिल्लं होतो, तेव्हा साहेबराव आले. किनवटच्या आश्रमशाळेत मुख्याध्यापक म्हणून आयुष्य काढलेले, नुकतेच निवृत्त होऊन लातूरला घर केलेले.

"एक जोडी द्या," ते म्हणाले.

"जोडी मी कशी देऊ सर?" वीरण्णा हसला. "बारकेपणी नर-मादी वळखत न्हाई. सहा न्या. मोठी झाली की तीच आपसात जमवत्यात. आपुन लगीन लावायचं न्हाई."

अशा आम्ही सहा जणी-जणे पिशवीत बसून स्कूटरवरून या घरी आलो.

साहेबरावांची नोकरी सुटली होती, शाळा सुटली नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला क्रमांक दिले. मी क्रमांक तीन. टाकीच्या काचेवर त्यांनी वेळापत्रक चिकटवलं: सकाळी सातला हजेरी, साडेसातला नाश्ता, अकराला पुन्हा काहीतरी, दुपारी जेवण. आश्रमशाळेत एकही लेकरू उपाशी झोपू नये म्हणून ते स्वतः पंगतीत फिरायचे म्हणे. तीच माया त्यांनी आमच्यावर ओतली. आम्ही खाल्लं, खाऊन उरलं ते तळाशी बसलं आणि पाणी सडायला लागलं.

पाणी गढूळ दिसताच त्यांनी टाकी रिकामी केली. आम्हाला बादलीत टाकून वाळू, दगड, फिल्टरचा स्पंज, सगळं धुण्याच्या पावडरीनं घासलं आणि बोअरचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. टाकी चकचकीत झाली. दुसऱ्या दिवशी हजेरीला तीनच जण हजर होते.

साहेबराव वीरण्णाकडं गेले. परत आले तेव्हा वीरण्णाला सोबतच घेऊन आले. त्यानं पाण्यात बोट बुडवलं आणि कपाळाला हात लावला.

"सर, मासा पाळायचा म्हंजे पानी पाळायचं. टाकीत बारीक जीव असत्यात, ते घाण खात्यात. तुमी त्यास्नीच धुऊन टाकलं की!"

मग त्यानं एकेक सांगितलं. आठवड्याला फक्त चौथा हिस्सा पाणी बदलायचं. नवं पाणी एक दिवस उघडं ठेवायचं. स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायचा. खाणं दोन वेळा, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच. आणि बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून त्यात अर्धं जारचं मिसळायचं.

हे शेवटचं ऐकून स्वयंपाकघरातून आवाज आला, "म्हंजे मान्साला बोअरचं अन् माशाला जारचं का?"

तो आवाज चांगुणाबाईंचा, साहेबरावांच्या पत्नीचा. त्या नर्सबाई होत्या. किनवटच्या जंगलातल्या गावांत तीस वर्षं त्यांनी बाळंतपणं केली, कुठं चालत, कुठं बैलगाडीतून जाऊन. आमच्यात त्यांना काडीचा रस नव्हता. आमच्या टाकीला त्या 'गुरुजींचा टीव्ही' म्हणायच्या.

वर्षभरात मी तळहाताएवढी झाले. क्रमांक पाचशी माझं जमलं. तो अंगानं रुंद, स्वभावानं तापट. आम्ही दोघांनी मिळून क्रमांक दोनला इतकं पिटाळलं की त्याला वीरण्णाकडं परत पाठवावं लागलं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. घर लहान होतं.

मग एका दुपारी फिल्टरच्या नळीवर मी अंडी घातली. मोहरीएवढी, ओळीनं चिकटवलेली, दोनशेच्या वर. क्रमांक पाच त्यांना पंखानं वारा घालत उभा राहिला.

साहेबरावांनी ते पाहिलं आणि गल्ली गोळा केली. शेजारच्या कस्तुराबाई आल्या, त्यांची सून आली, पेपरवाला आला. कुणी काचेवर बोट आपटलं, कुणी मोबाईलचा लाईट मारून फोटो काढला. संध्याकाळपर्यंत मोठमोठे डोळे काचेला चिकटून होते. इतकी तोंडं एकदम दिसली की मासोळीला एकच कळतं: आता ही अंडी काही वाचत नाहीत. आम्ही ती खाल्ली. लपवत नाही, खाल्ली.

पंधरा दिवसांनी पुन्हा घातली, तेव्हा साहेबरावांनी ती आमच्यापासून काढून बरणीत ठेवली आणि बुरशी लागू नये म्हणून निळं औषध घातलं. दर तासाला झाकण काढून बघायचे. ती सगळी पांढरी पडली, म्हणजे मेली.

त्याच दिवसांत त्यांची मुलगी बुद्धप्रिया नांदेडहून माहेरी आली. ती तिथं बँकेत आहे. सहाव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं होतं. नवरा, आदर्श, तिला सोडायला आला, दोन दिवस राहिला आणि टाकीपुढं नुसता उभा राहून परत गेला. बुद्धप्रिया कुणाशी फार बोलायची नाही. स्टूल ओढून माझ्यासमोर बसायची. ती काचेवर बोट आपटायची नाही, म्हणून मला आवडली.

घरात मात्र तिच्याभोवती सतत कुणीतरी. साहेबराव दर अर्ध्या तासाला, "बेटा, दूध घेतीस का? बेटा, डोकं दुखतंय का?" कस्तुराबाई येऊन विचारायच्या, "जिन्यावरून पडलीस का गं? का जड उचललंस?" बुद्धप्रिया मान हलवायची आणि माझ्याकडं बघायची.

मी तिसऱ्यांदा अंडी घातली. साहेबराव बॅटरी घेऊन पहाऱ्याला बसले. उजेड सारखा डोळ्यांवर. सकाळी नळी रिकामी होती.

साहेबरावांचा संताप अनावर झाला. "ही आई आहे का कोण आहे?" ते मला म्हणाले. "स्वतःची लेकरं सांभाळता येत नाहीत हिला!"

स्टुलावरून बुद्धप्रिया उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"पप्पा, असं नका म्हणू."

"अगं, मी माशाला..."

"माशालाही नका म्हणू. तिच्यावर काय बेतलं, ते तिला विचारलंय का कुणी?"

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. साहेबराव हातात बॅटरी धरून तसेच उभे. ती विझवायचंही त्यांना सुचेना. चांगुणाबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी पुढं येऊन त्यांच्या हातातून बॅटरी घेतली, बंद केली आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "बसा जरा."

त्या दिवसापासून चांगुणाबाई माझ्याकडं बघू लागल्या. पंधरवड्यानं मी नळीवर तोंड फिरवून जागा साफ करायला लागले, तेव्हा साहेबरावांच्या आधी त्यांच्या लक्षात आलं.

"दिस भरले हिचे," त्या म्हणाल्या. पेटी उघडून त्यांनी नोकरीतली पांढरी साडी काढली आणि टाकीच्या तिन्ही बाजूंनी टांगली. "आता हिकडं कुणी यायचं न्हाई. मी शेकड्यानं बाळंतपणं केली, गुरुजी. पहिल्यांदा काय करत होते ठाव हाय? गर्दी बाहेर काढत होते."

"पण मी फक्त..."

"तुमी फक्त पेपर वाचा. व्हरांड्यात."

कस्तुराबाई आल्या, तर त्यांनाही दारातूनच चहा मिळाला. "अंडी बघायची होती," त्या म्हणाल्या, "अन् पोरीशी दोन शब्द..."

"दोघी बी आराम करून राहिल्यात," चांगुणाबाई म्हणाल्या. "चहात साखर बरोबर हाय ना?"

साडीआड मऊ पांढरा उजेड होता. मी अंडी घातली. क्रमांक पाच आणि मी आळीपाळीनं वारा घालत राहिलो, जे पांढरं पडेल ते वेचून काढत राहिलो. तिसऱ्या दिवशी अंडी फुटली आणि शेपट्या वळवळायला लागल्या. पोहता येत नाही तोवर पिल्लं चिकटून लोंबतात. अशा वेळी आम्ही त्यांना तोंडात धरून स्वच्छ जागी हलवतो.

आणि नेमकं तेव्हाच साहेबरावांनी साडीचं टोक उचललं. व्हरांड्यातून ते कधी सटकले, कोण जाणे. त्यांनी पाहिलं: माझं तोंड उघडं, त्यात पाच-सहा पिल्लं.

"खाल्ली! चांगुणा, परत खाल्ली हिनं!" त्यांनी बाही वर केली आणि हात पाण्यात घालणार, तोच चांगुणाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. मागून बुद्धप्रियाही धावत आली.

"थांबा!"

"अगं, उरलेली तरी वाचव..."

"थांबा म्हन्ते ना. नुसतं बघा."

माझी काय अवस्था झाली, ते सांगते. एवढा मोठा हात डोक्यावर. गिळून टाकणं सोपं होतं. दोन वेळा तेच केलं होतं. पण हात खाली आला नाही. तिघं माणसं श्वास धरून उभी होती. मी पोहत टाकीतल्या झाडाच्या वरच्या पानापाशी गेले आणि एकेक पिल्लू पानावर फुंकून चिकटवलं. मग दुसरी खेप आणायला परत फिरले.

मग बुद्धप्रिया म्हणाली, "ती त्यांना जपून राहिली, पप्पा."

साहेबरावांनी ओली न झालेली बाही खाली केली. "मला वाटलं..." ते पुटपुटले. मग त्यांनी मुलीकडं न बघता विचारलं, "मी तुला बी लई त्रास देऊन राहिलो का गं?"

"हाव," बुद्धप्रिया म्हणाली. आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा ती हसली. हसता हसताच रडली. त्यांनी तिला दूध विचारलं नाही. नुसते शेजारी उभे राहिले.

पाच-सहा दिवसांनी पिल्लं पोहायला लागली. मग साहेबरावांच्या वेळापत्रकाला खरा उपयोग सापडला. वीरण्णानं दिलेली आर्टेमियाची, म्हणजे कणाएवढ्या कोळंबीसारख्या जीवाची, अंडी मिठाच्या पाण्यात, बाटलीत उबवायची आणि निघालेले ताजे जीव दिवसातून चार वेळा पिल्लांना द्यायचे. घड्याळाचा काटा चुकवायचा नाही. हे काम त्यांच्याशिवाय कुणाला जमणार? फक्त हजेरी घेताना त्यांची पंचाईत झाली. एकशे दहापर्यंत मोजलं की पिल्लं जागा बदलायची. शेवटी त्यांनी "सर्व उपस्थित" असं लिहून सही केली.

आता या गोष्टीला तीन वर्षं झाली. माझ्या पंखांचं टोक फाटलंय आणि अंडी चाळीसच्या वर जात नाहीत. क्रमांक पाच म्हातारा झालाय, पण तापटपणा तसाच. माझी लेकरं लातूर-नांदेडच्या कितीतरी घरांत गेली. कुणी आम्हाला आणणार असाल, तर उंच टाकी घ्या, पाण्याला घाई करू नका, आणि आमच्या काचेपासून दोन पावलं मागं उभं राहा. तेवढ्यानं आम्ही दहा वर्षंही जगतो.

एक गोष्ट राहिली. नांदेडला परत जायच्या दिवशी बुद्धप्रिया सकाळीच माझ्यापुढं येऊन बसली. चांगुणाबाई डबा भरत होत्या, साहेबराव रिक्षा बघायला गेले होते. ती काचेजवळ वाकली आणि गेलेल्या बाळासाठी तिनं ठरवून ठेवलेलं नाव हळूच मला सांगितलं. आदर्शलाही तिनं ते तोवर सांगितलं नव्हतं.

इतकं सगळं मी तुम्हाला बोलून दाखवलं. ते नाव मात्र सांगणार नाही. कृपा करून विचारू नका.